नाव पुढे, गाडी मागे

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकी कंपनीचे भारतातले पहिले दालन सुरू झाले. मुख्यमंत्री उद्घाटनाला उपस्थित होते. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती किमतीची. ‘मॉडेल वाय’ ही मोटार ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून पुढे मिळणार होती. दरपत्रकातली आणखी एक ओळ तितकीच वाचण्याजोगी होती. ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’, म्हणजे गाडीने पूर्णपणे स्वतःहून चालण्याची सोय, हवी असेल तर सहा लाख रुपये वेगळे. ही किंमत जाहीर झाली त्या दिवशी भारतातल्या कोणत्याही रस्त्यावर ती सोय सुरू नव्हती. शिवाय चालकाने सतत लक्ष ठेवले पाहिजे, या सोयीमुळे गाडी स्वयंचलित ठरत नाही, असा खुलासा कंपनी स्वतःच करत आली आहे.

मोठ्या अक्षरांत द्यायचे आणि बारीक अक्षरांत परत घ्यायचे, ही रीत काही टेस्लाने शोधून काढलेली नाही. आपोआप चालणारी मोटार लोकांपुढे विक्रीला मांडण्याच्या प्रयत्नांना आता शंभर वर्षे झाली आहेत. या शतकाचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. यंत्र तयार होण्याच्या आधी त्याचे नाव बाजारात येते. आणि नाव व यंत्र यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्याची किंमत नाव देणाऱ्याला सहसा मोजावी लागत नाही. ती कोण मोजतो, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

सीमेवरचा रस्ता

हा प्रश्न दालनात उभे राहून नीट दिसत नाही. तो रस्त्यावरून पाहावा लागतो, आणि त्यासाठी पालघर जिल्ह्याचे उत्तर टोक सोयीचे आहे. साहित्याच्या वाचकाला तलासरी ठाऊक असते ती गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे. १९४५ साली वारली आदिवासींच्या लढ्याला तोंड फुटले ते याच भागातल्या झरी गावच्या परिषदेतून. तालुक्याच्या पश्चिम कडेला वेवजी हे गाव आहे. त्याला लागून गुजरातचा उंबरगाव तालुका सुरू होतो. १९६०पूर्वी उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. रेघ कागदावर पडली, तरी माणसांचे जाणे-येणे थांबले नाही. आजही या पट्ट्यातले कितीतरी स्त्री-पुरुष रोज उंबरगाव, भिलाड, वापी इथल्या कारखान्यांत कामाला जातात. कोणी रिक्षाने, कोणी दुचाकीवर, कोणी पायी.

तालुक्याच्या मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘आठ नंबर’ आहे; सरकारदरबारी त्याचा क्रमांक आता ४८. अच्छाडला महाराष्ट्र संपतो. हालोल आणि साणंद इथल्या कारखान्यांतून रस्त्याने मुंबईकडे निघालेल्या नव्याकोऱ्या मोटारी ट्रेलरवर चढून याच वाटेने येतात. ‘आपोआप ब्रेक लावते’, ‘आपोआप मार्गिका सांभाळते’ अशी ज्यांची जाहिरात होते, त्या गाड्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतात त्या रात्रभर जागलेल्या एखाद्या ट्रेलरचालकाच्या भरवशावर.

या रस्त्यावर ट्रक आहेत तसेच उलट दिशेने येणारी दुचाकी आहे, डोक्यावर भारा घेऊन दुभाजक ओलांडणारी बाई आहे, गुरे आहेत. अलीकडच्या वर्षांत इथे डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम निघाले, तेव्हा वळणरस्ते आणि पुसलेले पांढरे पट्टे यांतून वाट काढणे हाच रोजचा अनुभव झाला होता. स्वतःहून चालू पाहणाऱ्या मोटारीचे डोळे म्हणजे कॅमेरा आणि रडार. कॅमेरा पांढरे पट्टे शोधतो, रडार समोरच्या वाहनाचे अंतर मोजते. पट्टेच नसतील तर काय करायचे, हे ज्याच्यावर सोपवलेले असते त्याला जाहिरात ‘प्रवासी’ म्हणून दाखवते आणि पुस्तिका ‘चालक’ म्हणते.

न्यूयॉर्क, १९२५

या जाहिरातीचा जन्म मात्र फार दूरचा. १९२५च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या गजबजलेल्या रस्त्यांवर चँडलर बनावटीची एक मोटार धावली. तिच्या चाकामागे कोणी बसलेले नव्हते. फ्रान्सिस हूडिना या अभियंत्याच्या कंपनीने तिच्यावर बिनतारी यंत्रणा बसवली होती आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीत बसलेला माणूस संदेश पाठवून ती चालवत होता. म्हणजे चालक होताच. तो फक्त मागच्या गाडीत गेला होता. लोकांना ते दिसू नये, यातच प्रयोगाची गंमत होती. शेवटी ही गाडी बहकली आणि छायाचित्रकारांनी भरलेल्या एका मोटारीवर आदळली.

पुढचा प्रयोग जास्त सावध होता. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ नावाचे दालन उभारले. नॉर्मन बेल गेडेस या रचनाकाराने १९६०ची अमेरिका छोट्या प्रतिकृतींतून साकारली होती. फिरत्या खुर्च्यांत बसून लोक वरून ती पाहत. रुंद महामार्गांवर बिनतारी नियंत्रणाखाली ठरावीक अंतर राखून मोटारी धावत आहेत, असे ते दृश्य होते. या प्रतिकृतीत मोटारी आणि माणसे एका पातळीवर भेटू नयेत, अशी रचना केली होती. आपोआप चालणाऱ्या गाडीची कल्पना तिथे खरी वाटली, कारण रस्ता आधीच पादचाऱ्यांपासून मोकळा केलेला होता. जनरल मोटर्सला विकायच्या होत्या साध्या मोटारी, आणि त्यासाठी सरकारकडून हवे होते महामार्ग.

ही युक्ती किती खोलवर गेली ते आपल्याकडेही दिसते. २०२२च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ‘२ अ’ आणि ‘७’ या मेट्रो मार्गांचे डबे ‘चालकाविना धावू शकणारे’ म्हणून गाजले. मेट्रोच्या बाबतीत तो दावा समजण्यासारखा आहे. उंचावरची, कुंपणातली वाट. तिच्यावर दुसरे कोणी येत नाही. रुळावर जे साधते ते महामार्गावरही साधेल, असे ऐकणाऱ्याला सहज वाटते. पण मेट्रोचा सगळा खर्च वाट मोकळी ठेवण्यावर झालेला असतो. अच्छाडच्या महामार्गावर तो कोणी केलेला नाही.

दोन नावांची गोष्ट

१९५०च्या दशकात अमेरिकेत मोटार ही घराघरांतली वस्तू झाली. त्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या वीज कंपन्यांच्या एका जाहिरातीत एक कुटुंब काचेच्या छताच्या मोटारीत टेबलाभोवती बसून खेळ खेळत आहे आणि गाडी महामार्गावर आपली आपण चालली आहे, असे चित्र होते. विकायची होती वीज, मोटार निमित्तमात्र. आणखी एक गोष्ट त्या चित्राने पक्की केली. या गाडीचा खरा माल म्हणजे चालकाला परत मिळणारा वेळ. पुढच्या प्रत्येक जाहिरातीने तोच माल मांडला.

याच काळातली एक लहानशी हकिकत मोलाची आहे. राल्फ टीटर नावाच्या अभियंत्याने ठरावीक वेग कायम राखणारे यंत्र बनवले. टीटर लहानपणीच आंधळे झाले होते. दुसऱ्याच्या गाडीत बसताना वेग सारखा कमी-जास्त होतो, हे त्यांना इतरांहून अधिक जाणवत असे. १९५८ साली क्रायस्लर कंपनीने हे यंत्र आपल्या महागड्या ‘इम्पीरियल’ मोटारींत दिले आणि त्याला नाव ठेवले ‘ऑटो-पायलट’. यंत्र करत होते एकच काम : वेग धरून ठेवणे. वळण त्याला कळत नव्हते, समोरची गाडी दिसत नव्हती. कॅडिलॅकने तशाच यंत्राला ‘क्रूझ कंट्रोल’ म्हटले. त्यात फुशारकी कमी होती आणि यंत्र काय करते तेवढेच सांगितलेले होते. काळाच्या ओघात ‘ऑटो-पायलट’ मागे पडले आणि ‘क्रूझ कंट्रोल’ जगभर रूढ झाले. आज आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या मोटारीतही ते बटण असते आणि त्यामुळे गाडी स्वतः चालते असे कोणी समजत नाही.

टाकून दिलेले नाव सुमारे साठ वर्षांनी परत आले. ऑक्टोबर २०१५मध्ये टेस्लाने आपल्या ग्राहकांच्या मोटारींत ‘ऑटोपायलट’ सुरू केले. वर्षभराने, पूर्णपणे स्वतः चालण्यासाठी लागणारी सगळी उपकरणे आता प्रत्येक गाडीत असतील, असे कंपनीने जाहीर केले. सोबत प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत चालकाच्या जागेवरचा माणूस केवळ कायद्यासाठी बसला आहे, असे म्हटले होते. ती फीत आधी आखून ठेवलेल्या मार्गावर चित्रित केली होती, हे कंपनीच्याच एका वरिष्ठ अभियंत्याने पुढे शपथेवर सांगितले. २०२३च्या जानेवारीत ते जगासमोर आले. १९२५मधला मागच्या गाडीतला माणूस इथे वेगळ्या रूपात हजर होता.

यंत्र खोटे होते असा याचा अर्थ नाही. १९९५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी पिट्सबर्गहून निघून अमेरिका आडवी पार केली. त्या प्रवासातल्या ९८.२ टक्के अंतरात चाक संगणकाने फिरवले. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर मात्र माणसाकडेच होते. हे त्यांनी उघड सांगितले. ९८ टक्क्यांपर्यंतची मजल तीस वर्षांपूर्वीच गाठली गेली होती. त्यानंतरचा सगळा काळ आणि अब्जावधी डॉलर उरलेल्या दोन टक्क्यांमागे गेले आहेत. जाहिरात ९८ टक्क्यांची होते, अपघात दोन टक्क्यांत होतात.

शोफरचा देश

मराठी माणसाच्या मोटारीचा इतिहास या सगळ्यापेक्षा वेगळा आहे. मुंबईत मोटार आली ती शतक बदलण्याच्या सुमारास, आणि ती आली चालकासकट. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. आपल्याकडे तो पगारी नोकर झाला. पुढे ‘ड्रायव्हर’ झाला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली, तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. जिच्यासाठी रांग आहे, तिची जाहिरात कोण करणार? पण मोटारवाल्या घरात चालक असणे हे गृहीतच होते. मालक मागे बसून वर्तमानपत्र वाचत असे. अमेरिकी जाहिरात ज्या फुरसतीचे स्वप्न दाखवत होती, ती फुरसत इथल्या मालकाला दुसऱ्या माणसाच्या कमी पगारावर आधीच मिळालेली होती.

भाषेतही याची खूण आहे. पुण्या-मुंबईत ‘सेल्फ-ड्राइव्ह’ म्हणजे चालकाशिवाय भाड्याने घेऊन आपण स्वतः चालवायची गाडी. दालनातल्या फलकावर ‘सेल्फ-ड्रायव्हिंग’ म्हणजे जिला आपण चालवायचे नाही ती गाडी. दोन्ही ठिकाणी ‘सेल्फ’ एकच. एकात माणूस, दुसऱ्यात यंत्र.

म्हणूनच आपल्याकडे या गाडीवरचा पहिला मोठा आक्षेप पोटापाण्याचा होता. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली चालकविरहित मोटारींना भारतात परवानगी देणार नाही असे सांगितले, आणि डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या आयआयएमच्या कार्यक्रमात तेच पुन्हा सांगितले. कारण एकच : लाखो चालकांचा रोजगार. हा आक्षेप खरा आहे. पण पूर्ण चालकविरहित मोटारीला दार बंद असतानाच तिचे नाव मात्र दुसऱ्या दाराने आत आले होते.

पातळ्या आणि बाटल्या

२०१४ साली अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संघटनेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीवर यंत्र चाक किंवा वेग यांपैकी एक सांभाळते, दुसऱ्यावर दोन्ही. पण दोन्हींत नजर आणि जबाबदारी माणसाचीच. तिसऱ्या पातळीपासून, ठरलेल्या परिस्थितीत का होईना, लक्ष ठेवण्याचे काम यंत्राकडे जाते. दुसरी आणि तिसरी यांच्यात पायरी एकच दिसते. प्रत्यक्षात सगळा कायदा त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसलेला आहे.

भारतात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये एमजीची ‘ग्लॉस्टर’ आली, ती पहिल्या पातळीची ‘ऑटोनॉमस’ गाडी म्हणून. ऑगस्ट २०२१मध्ये महिंद्राने चाकणला तयार होणारी ‘एक्सयूव्ही ७००’ लोकांसमोर आणली. तिच्यातल्या सोयींना ‘चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा’ असेच नाव होते, आणि ते योग्यच होते. तरी थोड्याच काळात समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरू लागल्या. महामार्गावर गाडी धावते आहे आणि चालक पाय वर घेऊन बसला आहे. चाकावरचा हात निघाला की गाडी सूचना देते. त्यावर उपाय म्हणून चाकाला पाण्याची बाटली अडकवायची. अमेरिकेत हाच धंदा झाला होता. चाकाला लावायचे वजनच बाजारात विकायला आले, तेव्हा जून २०१८मध्ये तिथल्या सरकारी सुरक्षा संस्थेने ते बंद करण्याचा आदेश दिला.

हे ऐकून ‘लोकच असे’ म्हणणे सोपे आहे. पण आपल्याकडे ही गोष्ट आधीच घडून गेली होती, आणि तिची एक खूण याच महामार्गावर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. गाडी नेहमीसारखी माणूसच चालवत होता. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर सरकारचे लक्ष गेले ते एका क्षुल्लक वस्तूकडे : पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा गप्प करणारी क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढले; त्या कारवाईत अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. जीव वाचवणारे यंत्र विकणारा आणि त्या यंत्राचे तोंड बंद करणारी वस्तू विकणारा, दोघेही एकाच बाजारात बसलेले असतात. या बाजारात यंत्राला ‘मी पाहतो, तू झोप’ असे सुचवणारे नाव देणे म्हणजे बाटली अडकवणाऱ्याला आधीच निम्मे पटवून देणे.

त्या २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा नीट वापरली तर हा आकडा खाली आणायला हातभार लावू शकते. वेळेवर लागलेला ब्रेक समोरच्या पादचाऱ्याचाही जीव वाचवतो. म्हणून भांडण यंत्राशी नाही. फसव्या नावाने यंत्राचा हा उपयोगच मारला जातो.

सही कोणाची

नावावर लगाम घालता येतो, हे अलीकडच्या इतिहासात दिसते. २०१६च्या जुलैमध्ये अमेरिकेत मर्सिडीजने स्वतःच आपली एक जाहिरात मागे घेतली. तिच्यामुळे गाडी आपोआप चालते असा समज होतो, अशी टीका ग्राहकांच्या बाजूने झाली होती. कॅलिफोर्नियाने कायदा करून, अर्धवट स्वयंचलित गाडीला पूर्ण स्वयंचलित वाटेल असे नाव देण्यावर २०२३पासून बंदी आणली. चीनमध्ये मार्च २०२५मधल्या एका भीषण अपघातानंतर सरकारने मोटार कंपन्यांना बोलावून ‘स्वयंचलन’सारखे शब्द जाहिरातींत वापरू नका, असे बजावले. टेस्लाने २०२४पासून आपल्या नावापुढे ‘देखरेखीखाली’ हा शब्द जोडला. फ्लोरिडातल्या ज्यूरीने ऑगस्ट २०२५मध्ये एका जुन्या अपघाताच्या दाव्यात टेस्लावर ३३ टक्के जबाबदारी टाकली. ठार झालेली तरुणी त्या गाडीत नव्हती. रस्त्याच्या कडेला उभी होती.

जबाबदारी घेतली की नाव आपोआप नम्र होते, याचाही दाखला आहे. २०२२ साली मर्सिडीजने जर्मनीत तिसऱ्या पातळीची सोय विकायला काढली आणि ती चालू असताना यंत्राच्या दोषाने काही झाले तर आपण उत्तर देऊ, अशी भूमिका घेतली. लगेच मर्यादाही आल्या : ठरलेले महामार्गच, आणि वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत. सही करायची वेळ आली तेव्हा कंपनीला आपल्या यंत्राची कुवत नेमकी आठवली.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. खुलासा मूळ दाव्याचे स्पष्टीकरण करू शकतो, पण त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. आणि दावा ज्या भाषेत केला असेल त्याच भाषेत खुलासा असला पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. ‘पूर्णपणे स्वतः चालते’ हा दावा आणि ‘चालकाने सतत लक्ष ठेवावे’ हा खुलासा या कसोटीवर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मराठीत जाहिरात करायची आणि अटी इंग्रजीत छापायच्या, हेही त्याच कसोटीवर घासून पाहता येईल.

तरीही एक माणूस या सगळ्या कागदांच्या बाहेर राहतो. ग्राहकाचा कायदा ग्राहकाला सांभाळतो. विकत घेणारा निदान सही करतो, पुस्तिका मिळवतो, तक्रार करू शकतो. पाळी संपवून वापीहून परतलेला, महामार्ग ओलांडून तलासरीच्या दिशेने निघालेला कामगार या व्यवहारात कोणीच नसतो. त्याने काही विकत घेतलेले नाही, बारीक अक्षरे त्याला कोणी दाखवलेली नाहीत, आणि शंभर वर्षांच्या जाहिरातींतल्या मोकळ्या रस्त्यावर त्याला जागाही ठेवलेली नाही. समोरून येणाऱ्या गाडीतला माणूस रस्त्याकडे पाहतो आहे, एवढ्याच विश्वासावर तो पाऊल टाकतो. सहा लाखांच्या त्या ओळीत हा विश्वासही विकला जातो, आणि तो विकणाऱ्याच्या मालकीचा नाही.